आधी ओतायची जागा, मग शोभा

वाचकाचं पत्र: दिवाणखान्यातल्या एका भिंतीसाठी खास डिझाइन करून बार कॅबिनेट बनवायचं ठरवलं आहे. महिन्यातून दोनदा तरी दहा-बारा जण आमच्याकडे जमतात. डिझायनरने आराखडा दिला आहे: ४ फूट रुंद, ७ फूट उंच, १४ इंच खोल. वर दोन मोठी दारं, आत आरशाची पाठ, ८ मिमी काचेच्या सलग ४ फुटी फळ्या, दारांच्या आतल्या बाजूलाही बाटल्यांचे कप्पे. मध्ये पांढऱ्या संगमरवराचा १ फूट उंच उघडा खण. खाली दाराआड छोटा फ्रिज आणि दोन ड्रॉवर. बाहेरून अक्रोडाचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), त्यावर शेलॅकचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश, पितळी हँडल. दिसायला अप्रतिम आहे. पण एवढा खर्च करण्याआधी काही चुकत तर नाही ना, ते सांगाल का? शिवाय तयार घ्यावं की बनवून, यावर घरात दोन मतं आहेत.

उत्तर: अक्रोड, आरसा आणि पितळ हा मेळ छान आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. अडचण अशी की हा आराखडा दारं बंद ठेवून काढलेला दिसतो. बार कॅबिनेट शोकेससारखं दिसलं तरी वागतं ओट्यासारखं. त्यावर बर्फ वितळतो, लिंबू पिळलं जातं, सिरपची चिकट बाटली टेकवली जाते, आणि हे सगळं मंद उजेडात, गप्पा मारता मारता होतं. त्यामुळे बाटल्या कुठे दिसतील हे ठरवण्याआधी पेला कुठे टेकवून भरणार ते ठरवा. तुमच्या आराखड्यात नेमकी तीच जागा नाही.

७५० मिलीची बाटली साधारण ३० सेंमी उंच असते, काही ३३-३४ सेंमीपर्यंत जातात. मधला खणच १ फुटाचा, म्हणजे त्यात बाटली जेमतेम उभी राहील किंवा तीही नाही. उंच ग्लासवर बाटली तिरकी करून ओतायला हात, बाटली आणि ग्लास मिळून निदान ५० सेंमी मोकळी उंची लागते. ५५ मिळाली तर उत्तम. आणि खोली १४ इंच, म्हणजे दाराची व पाठीची जाडी वजा जाता आत ३२ सेंमीच्या आसपास. मागे बाटल्यांची एक रांग लावली की पुढे बर्फाचं भांडं, दोन ग्लास आणि कापायची छोटी पाटी एकत्र मावत नाहीत. मग यजमान शेवटी जेवणाच्या टेबलावर पेले भरतात आणि कॅबिनेट नुसतं बघायला उरतं.

यावर उपाय म्हणजे खालचा भाग ६० सेंमी खोल करायचा आणि वरचा ३५ सेंमीवरच ठेवायचा. पायरी पडल्यामुळे काउंटरचा पुढचा २५ सेंमी भाग डोक्यावर काहीही नसलेला मिळतो. मागे बाटल्या, पुढे हात. काउंटरची उंची ९० सेंमी ठेवा, उभ्याने काम करायला ती बहुतेकांना सोयीची पडते. समोर स्टूल टाकून बसायचं असेल तरच १०५ सेंमी करा आणि स्टुलाची बैठक ७५ सेंमीची घ्या. पण भिंतीला टेकलेल्या कॅबिनेटपुढे स्टूल शोभेपुरतेच उरतात, कारण बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे होतं.

यजमानाचंही तेच होतं, आणि ही गोष्ट चित्रात कधी दिसत नाही. पेले भरणारा माणूस पाहुण्यांकडे पाठ करून उभा राहतो. जमलं तर कॅबिनेट लांब भिंतीच्या मधोमध न लावता कोपऱ्याजवळ घ्या, म्हणजे तिरकं उभं राहून बोलता येतं. समोर तीन-चार फुटांवर एखादं अरुंद साइड टेबल किंवा ट्रॉली असली तर भरलेले पेले तिथे ठेवता येतात आणि सगळी गर्दी कॅबिनेटला येऊन चिकटत नाही. कॅबिनेटपुढे मोकळी जागा किमान ९० सेंमी हवी. तिथूनच येण्याजाण्याची वाट असेल तर १२० सेंमी.

आता फळ्या. भरलेली बाटली काचेच्या जाडीप्रमाणे १.२ ते १.६ किलो भरते. ४ फुटी फळीवर तीन रांगा लावल्या तर ३९ बाटल्या होतात, म्हणजे ५० किलोच्या वर. या वजनाला ८ मिमी काच मधोमध सेंटीमीटरभर वाकेल. ‘टफन्ड काच आहे, काही होत नाही’ असं उत्तर मिळेल, पण ते अर्धंच खरं आहे. टफन केल्याने, म्हणजे तापवून झटकन थंड केल्याने, काच तुटायला कठीण होते, ताठ होत नाही, वाकते तितकीच. वाक कमी करायचा तर आधारांमधलं अंतर कमी करा. बाटल्या तितक्याच दाटीने लावल्या तरी अंतर निम्मं केलं की वाक सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून मधोमध एक उभी आधाराची फळी टाकून ५८ सेंमीचे दोन खण करा. मग ८ मिमी पुरेल, १० मिमी घेतली तर डोळ्यालाही भक्कम दिसेल. १८ मिमी प्लायच्या फळीलाही हाच नियम: ६० सेंमीपर्यंत ती सरळ राहते, ९० सेंमी केली की तिला पोट येतं आणि वर्षागणिक ते वाढतं.

काचेची मापं अंतिम करण्याची घाई करू नका. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, त्यामुळे आधी सांगाडा उभा राहू द्या, मग प्रत्यक्ष माप घेऊन काच टाका. दोन्ही बाजूंना २-२ मिमी मोकळीक ठेवा. आधाराच्या धातूच्या खुंट्यांवर रबराची किंवा सिलिकॉनची टोपी हवी. काचेची कड धातूला थेट टेकली तर तिथून टवका उडतो आणि टफन्ड काच एका टवक्यावर आख्खी फुटू शकते.

बाटल्यांच्या खणाची उंची ३६ ते ३८ सेंमी ठेवा. मागे-पुढे दोनच रांगा लावा. तिसऱ्या रांगेतली बाटली कोणी काढत नाही, दोन वर्षांनी धुळीसकट सापडते. मागची रांग दिसावी म्हणून पायरी करायची असेल तर ती ५-६ सेंमीची पुरे, पण मग खणाची उंचीही तेवढीच वाढवा. हे अनेकदा राहून जातं आणि मागच्या बाटल्या वरच्या फळीला अडतात.

दाराच्या आतल्या बाजूला बाटल्या ठेवण्याचा बेत सरळ रद्द करा. तुमचं एकेक दार ६० सेंमी रुंद आहे. व्हिनियर लावलेल्या अशा प्लायच्या दाराचंच वजन ७-८ किलो होतं, त्यावर सहा बाटल्या म्हणजे आणखी तेवढंच, आणि तेही बिजागरीपासून लांब. कपाटाच्या वाटीच्या बिजागऱ्या अशा लोंबत्या भाराला बनवलेल्या नसतात. काही महिन्यांत दार उतरतं, खालची कड घासायला लागते, सुतार येऊन स्क्रू आवळतो, पुन्हा उतरतं. शिवाय दाराचा कप्पा बंद होताना आत घुसतो, म्हणून आतल्या फळ्या १२ सेंमीने कमी खोल कराव्या लागतात. आधीच ३२ सेंमी, त्यातून १२ गेले तर उरलं काय? दारावर काही हवंच असेल तर बिटर्सच्या (पेयात थेंबभर घालायच्या कडवट अर्काच्या) छोट्या बाटल्या, मापाचं भांडं, ओपनर, लांब चमचा एवढंच, ६-७ सेंमीच्या पट्टीत.

मुळात ६० सेंमीचं दार डोक्याच्या उंचीवर उघडलं की शेजारी उभ्या पाहुण्याच्या कपाळाला लागतं. आत सरकणारी पॉकेट दारं सुचवली जातील, पण ती इथे बसणार नाहीत: दार जितकं रुंद तितकी खोली लागते, आणि तुमच्याकडे ३५ सेंमीच आहेत. त्यापेक्षा ३०-३० सेंमीच्या दोन झडपांची घडीची दारं करा. उघडली की घडी होऊन बाजूला राहतात. दाराची उंची ९० सेंमीपर्यंत असेल तर दोन बिजागऱ्या पुरतात, त्यापुढे १६० पर्यंत तीन. सॉफ्ट क्लोजमध्ये काटकसर नको. दार आपटलं की आतले सगळे ग्लास किणकिणतात.

फ्रिजच्या बाबतीत जी चूक सर्रास होते ती तुमच्याही आराखड्यात आहे. साधा, सुटा उभा राहणारा छोटा फ्रिज पाठीतून आणि बाजूंनी उष्णता बाहेर टाकतो. त्याला लाकडी पेटीत कोंडलं की तीच गरम हवा त्याच्याभोवती फिरत राहते. कॉम्प्रेसर थांबतच नाही, बाटल्या कोमट राहतात, वीज जाते ती वेगळीच, आणि वरच्या फळीचं पॉलिश पिवळं पडायला लागतं. घ्यायचाच तर बिल्ट-इन प्रकारचा, ज्याची गरम हवा पुढून खालच्या जाळीतून निघते असा घ्या. त्या जाळीपुढे पाटी किंवा दार येता कामा नये. या फ्रिजना ५५ ते ६० सेंमी खोली लागते, म्हणजे १४ इंचात तो बसणारच नव्हता; खालचा भाग खोल करण्याचं हे दुसरं कारण. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला प्रकार शांत चालतो खरा, पण खोलीच्या तापमानाच्या मानाने तो ठरावीक अंशच खाली जातो. खोली गरम असेल तर त्यात बिअर थंडगार होणार नाही. प्लग पॉइंट फ्रिजच्या मागे घेऊ नका, शेजारच्या खणात घ्या. बंद करायची वेळ येते तेव्हा मागचा प्लग काढायला पूर्ण फ्रिज ओढावा लागतो.

बर्फाचा हिशोबही आधीच करून ठेवा. माणशी अर्धा ते एक किलो धरला तर बारा जणांना ६ ते १२ किलो लागतो. टेबलावरच्या भांड्यात दीड किलोही मावत नाही. म्हणजे साठा स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये किंवा इन्सुलेटेड पेटीत, आणि कॅबिनेटवर फक्त चालू भांडं. ते दुहेरी भिंतीचं घ्या. एकेरी स्टीलच्या भांड्याला बाहेरून पाणी सुटतं. त्याखाली २ सेंमी काठाचा स्टीलचा ट्रे ठेवा, काम झालं की उचलून धुता येतो. सिंक काढायचा मोह होईल, पण सांडपाण्याला उतार देऊन पाइप नेता येत नसेल तर तो विचार सोडून द्या.

संगमरवर, शेलॅक आणि पितळ या तिघांचं एकच दुखणं आहे: बारमध्ये जे सांडतं तेच त्यांना चालत नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा रस त्याच्याशी रासायनिक क्रिया करतो आणि चकाकी खाऊन टाकतो. ग्लासच्या बुडाचं निस्तेज वर्तुळ उमटतं. सीलर लावतो, मग काही होत नाही, हेही ऐकायला मिळेल. सीलर डाग आत मुरू देत नाही, आम्लाला मात्र अडवत नाही. पांढरा रंगच हवा असेल तर क्वार्ट्झ किंवा सिंटर्ड स्टोन (दाब आणि उष्णता देऊन घडवलेला कृत्रिम दगड) घ्या. संगमरवराचाच हट्ट असेल तर आरशासारखं पॉलिश न करता मॅट, म्हणजे होन्ड फिनिश घ्या. त्यावर वर्तुळं उमटतातच, पण तितकी डोळ्यांत भरत नाहीत. काउंटरच्या मापाचा २० मिमी जाड संगमरवर ४० किलोच्या जवळ जातो, त्यामुळे खालचा सांगाडा त्या हिशोबाने करायला सांगा.

शेलॅक तर अल्कोहोलमध्ये विरघळवूनच बनवतात. वाळल्यावरही मद्याचे थेंब त्याला मऊ करतात, पांढुरका डाग पडतो, कधी ग्लास चिकटून बसतो. फ्रेंच पॉलिशची खोली दुसऱ्या कुठल्याच पॉलिशला नाही हे मान्य, म्हणून ते बाहेरच्या उभ्या बाजूंवर राहू द्या. काउंटरची कड, ड्रॉवरची तोंडं, दारांचे खालचे भाग आणि आतला सगळा पृष्ठभाग मात्र दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा असावा. शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा नमुना मागा: त्याच व्हिनियरचा, त्याच पॉलिशचा हातभर तुकडा. पॉलिश होऊन आठवडा झाला की त्यावर एका जागी मद्याचे काही थेंब टाका आणि वर ग्लास ठेवा, दुसऱ्या जागी लिंबाची चकती, तिसऱ्या जागी बर्फाचा तुकडा. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुसून खिडकीच्या तिरक्या उजेडात बघा. डाग दिसला तर पॉलिश बदला. काउंटरच्या दगडाचा तुकडाही असाच तपासा.

पितळावर लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) असेल तर सतत हात लागणाऱ्या जागी ते झिजतं आणि हँडल चट्ट्याचट्ट्याचं दिसतं. लॅकर नसलेलं पितळ हळूहळू काळवंडतं; तो रंग आवडत असेल तर तेच बरं. दोन्ही नको असतील तर पितळी रंगाचं पीव्हीडी कोटिंग (निर्वातात चढवलेला पातळ, कठीण थर) केलेलं स्टेनलेस स्टील घ्या. शुद्धतावाद्यांना ते रुचणार नाही, पण लिंबाच्या हातांना ते टिकतं.

आरसा चिकटवताना सुतार हाताशी असलेलं कुठलंही सिलिकॉन वापरतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाच्या पाठीमागचा चांदीचा थर खातं आणि काही महिन्यांत काळे डाग पुढे येतात. न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं) सिलिकॉन किंवा आरशासाठीचा खास गोंद हवा, हे कागदावर लिहून घ्या. आरशामुळे दुसरी एक गंमत होते: एलईडीची पट्टी उघडी असेल तर तिचा एकेक ठिपका त्यात दिसतो. म्हणून पट्टी अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, दुधी झाकणाखाली बसवा. रंग २७०० ते ३००० केल्विन, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा वर. थंड पांढऱ्या उजेडात व्हिस्कीसुद्धा औषधासारखी दिसते. दार उघडलं की लागणारा आणि मिटलं की विझणारा सेन्सर लावा. मीटरला १० वॅटची ४ मीटर पट्टी असेल तर ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) ५० ते ६० वॅटचा घ्या, आणि तो हात पोचेल अशा, हवा खेळणाऱ्या जागी ठेवा. पाठीमागे कायमचा गाडलेला ड्रायव्हर बिघडला की आरसा फोडावा लागतो.

ग्लासांना जागा कमी लागते, पण ती मोजून लागते. बुटका ग्लास ९ सेंमीचा धरला तर ५८ सेंमीच्या खणात ३२ सेंमी खोलीला तीन रांगांत १८ मावतात, तुमच्या बारा जणांना पुरून उरतात. देठाचे ग्लास उलटे टांगायचे असतील तर खाचांमधलं अंतर ग्लासच्या बैठकीवरून काढू नका, पोटावरून काढा: रेड वाइनच्या मोठ्या ग्लासचं पोट १०-११ सेंमी असतं, म्हणून मध्य ते मध्य १२ सेंमी. बंद कपाटातले बाकीचे ग्लास सुलटेच ठेवा. पालथे घातले की आत प्लायचा आणि पॉलिशचा वास कोंडतो आणि पहिल्याच घोटाला जाणवतो. ड्रॉवरला मखमलीचं अस्तर टाळा. सिरपचा एक थेंब पडला की ते धुता येत नाही आणि मुंग्यांना वाट सापडते. पुसता येईल असं लॅमिनेट किंवा कृत्रिम चामडं बरं. बाटल्यांसाठी खोल ड्रॉवर केलात तर आत आडवे-उभे विभाग हवेत आणि चॅनेल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) ४०-५० किलो पेलणारी.

कॅबिनेटमध्ये काय ठेवायचं हेही आराखड्यात मोडतं. व्हिस्की, जिन, रम उभ्याच ठेवायच्या. जास्त अल्कोहोल सतत बुचाला लागलं तर बूच भुसभुशीत होतं. बुचाची वाइन आडवी, पण दिव्याखालच्या खणात महिनोन्महिने नव्हे. लवकर संपणार असेल तेवढीच तिथे, बाकी १२ ते १४ अंशांवर. व्हर्मुथ (कॉकटेलमध्ये वापरतात ते वनस्पतींच्या स्वादाचं मद्य) मुळात वाइन आहे, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवा. वारशाने आलेला लेड क्रिस्टलचा (शिसं असलेल्या काचेचा) डिकॅन्टर, म्हणजे मद्य वाढायची सुरई, मिरवा जरूर, पण त्यात मद्य साठवू नका, शिसं हळूहळू उतरतं. त्या रात्रीपुरतं भरा, उरलेलं परत बाटलीत. घरात मुलं असतील तर एका खणाला खरं कुलूप हवं, चुंबकाचं नव्हे.

तयार की बनवून? तुमच्या गरजा पाहता बनवूनच घ्या. तयार कॅबिनेटमध्ये वर कमी खोल, खाली जास्त खोल अशी रचना आणि फ्रिजची योग्य सोय एकत्र क्वचित मिळते. घर बदलण्याची शक्यता असेल किंवा फ्रिज नकोच असेल तर तयार घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त दुकानात टेप घेऊन जा आणि सगळी दारं एकदम उघडून बघा. पैसा बिजागऱ्या, चॅनेल, पॉलिश आणि दिव्यांवर घाला. दुर्मीळ व्हिनियर हवं तर फक्त दारांपुरतं ठेवा, बाजूंना साधं चालतं. सांगाडा मरीन प्लायचा; पार्टिकल बोर्डात बिजागरीचे स्क्रू एकदा ढिले झाले की पुन्हा धरत नाहीत. जमिनीपासून १० सेंमीचा पाया ओलं पुसणं सहन करणारा असावा.

बनवताना वरचं आणि खालचं असे दोन वेगळे सांगाडे करायला सांगा. ७ फुटी, ६० सेंमी खोल एकसंध पेटी आडवी आणून उभी करताना तिचा कर्ण जवळपास २२२ सेंमी भरतो. कॅबिनेट मावतं पण उभं राहत नाही, अशी पंचाईत नेमकी फॉल्स सीलिंगच्या खोलीत होते. बसवताना आधी उंची कमी-जास्त करता येणारे पाय फिरवून स्पिरिट लेव्हलने खालचा भाग सपाट करायचा, मग वरचा ठेवायचा, मग वरच्या पाठीतून दोन मजबूत ब्रॅकेटने भिंतीला बांधायचा. हे शेवटचं काम ‘वजनदार आहे, हलणार नाही’ म्हणून सोडलं जातं. पण बाटल्यांचा भार वर असतो आणि ड्रॉवर ओढले की तोल पुढे येतो. भिंत जिप्सम बोर्डची असेल तर ब्रॅकेट आतल्या उभ्या पट्टीवरच यायला हवेत, नुसत्या बोर्डात स्क्रू धरत नाही.

पॉलिशचा हात फिरल्यावर दोन-तीन आठवडे दारं उघडी ठेवा आणि ग्लास खोक्यातच राहू द्या. आत लावण्याआधी एक स्वच्छ ग्लास रात्रभर बंद खणात ठेवून सकाळी हुंगून बघा. वास आला तर आणखी आठवडाभर थांबा, पाहुण्यांना तोवर ट्रॉलीवर सांभाळून घ्या.